स्नोड्रॉप : कंद सुकू दिला नाही तर बाकी सगळं जमतं

वाफा
सप्टेंबर-ऑक्टोबर आला की इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, हॉलंडकडच्या मंडळींचा ठरलेला प्रश्न येतो : "पन्नास कंद लावले, उगवले पाच-सात. थंडीने गेले का?" थंडीने नाही गेले. कडाक्याच्या रात्री याची पानं आणि देठ जमिनीवर लोळतात आणि सकाळी ऊन आलं की मुकाट उभे राहतात. कंद मरतो तो सुकून, आणि बहुतेक वेळा तो तुमच्या वाफ्यात येण्याआधीच दुकानातल्या जाळीच्या पिशवीत मेलेला असतो. प्रत्येक धाग्यावर हेच लिहिण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो.

आधी ओळख. स्नोड्रॉप म्हणजे गॅलँथस ही प्रजाती, कुळ आपल्या निशिगंधाचं नव्हे तर लिली म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या अ‍ॅमरिलिसचं. मूळ वस्ती पिरेनीजपासून बाल्कन, तुर्कस्तान, कॉकेशसपर्यंतची पानगळीची जंगलं आणि नदीकाठ. ब्रिटनमध्ये लोक याला इथलंच समजतात, पण बहुधा ते बागेतून रानात गेलेलं आहे : बागेतली नोंद १५९७ ची, रानातली पहिली नोंद थेट १७७८ ची.

फुलाला सहा पाकळ्या. बाहेरच्या तीन लांब आणि पांढऱ्या, आतल्या तीन आखूड आणि टोकाशी हिरवी खूण असलेल्या. सहाही पाकळ्या सारख्या लांबीच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला हिरवा किंवा पिवळा ठिपका असेल तर तो स्नोफ्लेक, म्हणजे लेउकोजम. सेलमध्ये दोघांच्या पाट्या सर्रास बदललेल्या असतात.

जात ओळखायची तर फुलाकडे बघू नका, पानं जमिनीतून कशी बाहेर येतात ते बघा. बुडाशी वाकून देठाजवळची जोडी न्याहाळली की लगेच कळतं :

निवालिस : दोन पानं समोरासमोर सपाट चिकटलेली, अरुंद, राखाडी-हिरवी.
एल्वेसी : एक पान दुसऱ्याला गुंडाळून येतं. रुंद, निळसर राखाडी.
वोरोनोवी : हेही गुंडाळलेलंच, पण पान चकचकीत पोपटी.
प्लिकाटस : पानाच्या दोन्ही कडा मागे दुमडलेल्या.

हा नुसता शौक नाही. निवालिसला ओलसर, पानगळीच्या झाडाखालची जागा लागते. एल्वेसी मूळची तुर्कस्तानच्या डोंगरांतली, तिला उन्हाळ्यातला कोरडेपणा आणि थोडं जास्त ऊन चालतं. दुकानातल्या स्वस्त पिशवीत बहुधा एल्वेसी किंवा वोरोनोवी असते, आणि लोक तिला निवालिसच्या जागेत लावून मोकळे होतात.

वर्षाचं चक्र असं : ऑगस्टअखेर-सप्टेंबरात जमिनीखाली मुळं फुटतात. जानेवारी ते मार्च फुलं. मे-जूनपर्यंत पानं. मग जून ते ऑगस्ट विश्रांती. ही विश्रांती वरून दिसणारी. कंद आत पुढच्या वर्षाचं फूल तयार करत असतो, म्हणून तेव्हाही तो कोरडा ठणठणीत नको, किंचित दमट हवा.

लेस्टरकर
वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. (१) पिशवीतले कंद घेतलेच, तर त्यातले जिवंत कसे ओळखायचे? (२) आमच्याकडे भारी चिकण माती, हिवाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात भेगा पडतात. जमेल का?

वाफा
(१) चिमटीत धरून दाबा. टणक आणि आकाराच्या मानाने जड लागला तर जिवंत. चुरमुऱ्यासारखा हलका, किंवा दाबल्यावर वरची साल आत जात असेल तर तो गेला. बुडाची चकती, जिथून मुळं फुटतात ती, बघा. ती पांढरट-पिवळी आणि कडक हवी, काळी किंवा भुसभुशीत नको. निळी बुरशी सालीवर थोडी असली तर पुसून चालतं, चकतीवर असली तर टाका.

ट्यूलिपच्या कंदाला जाड तपकिरी साल असते, तो नोव्हेंबरपर्यंत शेल्फवर तग धरतो. स्नोड्रॉपची साल पातळ, कंद जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा, त्यामुळे गरम दुकानात काही आठवडे लटकला की आतला ओलावा उडून जातो. म्हणून माल दुकानात आल्याआल्या घ्या, सप्टेंबरच्या आत-बाहेर, आणि आणल्या दिवशीच लावा. दोन-चार दिवस थांबणं भागच असेल तर किंचित ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारं हलकं, दाणेदार खनिज) गाडून गार जागी ठेवा. थोडे सुरकुतलेले कंद रात्रभर पाण्यात ठेवून लावले तर काही वाचतात.

खोली ८ ते १० सेंमी, दोन कंदांत ५ ते ८ सेंमी. एका खड्ड्यात तीन ते पाच. एकेकटा लावला तर पहिली काही वर्षं केविलवाणं दिसतं.

(२) चिकण मातीचं उत्तर रानवेडी जास्त चांगलं देतील.

रानवेडी
चिकण माती वाईट नाही, उलट रेताड जमिनीपेक्षा बरी, कारण ओल धरते. मुळाशी पाणी तुंबून राहणं वाईट. चाचणी सोपी : जानेवारीत ३० सेंमी खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर त्या जागेचा नाद सोडा किंवा वाफा १५ सेंमी उंच करा.

पाणी उतरत असेल तर वरच्या २० सेंमी मातीत पानखत मिसळा, चौरस मीटरला दोन बादल्या. पानखत म्हणजे वर्ष-दीड वर्ष कुजवलेला पालापाचोळा, शेणखत नव्हे. ताजं शेणखत किंवा घोड्याची लीद कंदाजवळ गेली की कंद सडतो. सोबत ५-६ मिलिमीटरची बारीक खडी एक बादली. नुसती वाळू घालू नका, चिकण मातीत थोडी वाळू घातली की ती आणखी घट्ट बसते.

भेगांसाठी जागा बदला. हेझल, सफरचंद, नाशपाती, बर्च यांच्या छायेत, खोडापासून जरा लांब. हिवाळ्यात झाड बोडकं असल्यामुळे ऊन मिळतं, उन्हाळ्यात सावली मिळते. सूचिपर्णी झाडाखाली मात्र बारमाही सावली आणि बारमाही कोरड, तिथे काही होत नाही. आम्लतेची चिंता नको, उदासीन ते किंचित चुनखडीची जमीन आवडते, थोडी आम्ल असली तरी चालवून घेतात.

डब्लिनकर
मला वाटतं या धाग्यावर एक मुद्दा सरळ लिहायला हवा : कोरडे कंद घेऊच नयेत. "हिरवे" घ्यावेत, म्हणजे फुलं संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांसकट उपसलेले. आयर्लंड-इंग्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय.

रानवेडी
डब्लिनकर, पारंपरिक म्हणून ठीक, पण "हेच एकमेव" म्हणाल तर मी भांडणार :-)

हिरवे कंद सुकत नाहीत, हा त्यांचा खरा फायदा. तोटा असा की या कुळातली मुळं फांद्या न फुटणारी आणि एका हंगामापुरती असतात. उपसताना मूळ तुटलं की त्या हंगामात ते परत येत नाही. म्हणजे नेमक्या ज्या आठ-दहा आठवड्यांत पानांनी कंद भरायचा, त्या काळात तुम्ही त्याचं पाणीच तोडता. मग पुढच्या वर्षी पानं येतात, फूल येत नाही, आणि लोक म्हणतात "रुसलंय".

जाणकार संग्राहक आता बहुतेक पानं पिवळी पडल्यावर, मेअखेर ते जुलै, कंद उपसतात आणि लगेच, त्याच आठवड्यात, पुन्हा लावतात. तेव्हा मुळं नसतातच, तुटायचा प्रश्न नाही. अडचण इतकीच की तेव्हा कंद नेमके कुठे आहेत ते दिसत नाही, आणि विक्रेत्याला ते सुकू न देता पाठवावे लागतात.

तर माझा क्रम : स्वतःच्या बागेतली वाटणी असेल तर जूनमध्ये. विकत घ्यायचे असतील तर चांगल्या नर्सरीतून हिरवे, किंवा जून-जुलैत ताजे उपसून ओलसर पॅकिंगमध्ये पाठवलेले. कुंडीत वाढलेलं रोप मिळालं तर सगळ्यात उत्तम, मुळं हलतच नाहीत. शेल्फवरची पिशवी सगळ्यात शेवटी.

डब्लिनकर
मान्य. पण नवख्याने जूनमध्ये जमीन उकरली तर निम्मे कंद फावड्याने कापले जातील, म्हणून त्याला मी हिरवेच सांगेन. फक्त पद्धत नीट हवी, ती लिहितो :

ठोंब दाटला की फुलं कमी येऊ लागतात, साधारण तीन-चार वर्षांनी. फुलं कोमेजल्याबरोबर, पानं टवटवीत असतानाच, काम करायचं. ठोंबापासून १० सेंमी लांबवर गार्डन फोर्क उभा, पूर्ण खोल घालायचा आणि मातीच्या गोळ्यासकट उचलायचा. हाताने ओढायचं नाही, पानं हातात येतात आणि कंद खाली राहतो. बादलीभर पाण्यात गोळा बुडवला की माती सुटते आणि मुळं न तुटता कंद वेगळे होतात. तीन-तीन, पाच-पाचचे झुबके करा. नवीन खड्डा आधीच तयार हवा. हवेत उघडी मुळं राहता कामा नयेत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा.

खोली देठावरच लिहिलेली असते : बुडाचा पांढरा भाग जिथे हिरवा होतो, ती रेषा मातीच्या पातळीला आली पाहिजे. वर ठेवली तर कंद उघडा पडतो आणि सुकतो. मग भरपूर पाणी, आणि मार्च-एप्रिल कोरडा गेला तर आठवड्यातून एकदा पुन्हा. लोक इथेच चुकतात. वसंतात पाऊस पडतोच असं धरून चालतात.

पुणेरी_कुंडी
वाचून मोह झाला. फ्रिजमध्ये ठेवून पुण्यात गॅलरीत फुलवता येईल का? ट्यूलिपचे लोक फ्रिजमध्ये ठेवतात ना?

वाफा
नाही. अगदी स्पष्टच सांगतो, म्हणजे पैसे वाचतील.

ट्यूलिपचा कंद कोरडा ठेवून गार करता येतो, एकदा फुलवायचा आणि फेकायचा. स्नोड्रॉपचा कंद कोरडा ठेवला की मरतो आणि ओला ठेवला तर मुळं फुटतात, म्हणजे फ्रिजमध्ये महिनोन् महिने कुंडीच ठेवावी लागेल. समजा तेही केलं. बाहेर काढल्यावर पुण्यात जानेवारीत दुपारी तापमान २८-३० ला जातं. फूल एक-दोन दिवसांत मान टाकेल आणि पानं कंद भरण्याआधीच वाळतील. त्यातूनही जगला, तर जून ते सप्टेंबर त्याच्या विश्रांतीच्या काळात उबदार, चिंब माती. ती त्याला सडवायला पुरेशी आहे.

शिवाय बॅगेतून घेऊन यायचा विचार असेल तर तोही सोडा. भारतात कंद आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि निघालेल्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. वर गॅलँथस साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तो परवाना वेगळा.

याच कुळातलं काही हवं असेल तर फुटबॉल लिली लावा. हिवाळ्यात पाणी जवळजवळ बंद, मान मातीच्या वर, एप्रिल-मेमध्ये लाल चेंडू. किंवा पावसाळी लिली. ती तर दुर्लक्ष केलं तरी फुलते.

पुणेरी_कुंडी
समजलं :-) फुटबॉल लिली तर आहेच. इथे वाचनमात्र राहतो.

जर्सीवाला
अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मराठी मंडळींसाठी भर. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या पट्ट्यात निवालिस आणि एल्वेसी दोन्ही छान येतात. सगळ्यात मोठी सोय : हरणं तोंड लावत नाहीत. जिथे ट्यूलिप आणि होस्टा हरणं रातोरात साफ करतात तिथे हे निर्धास्त लावा. खारीही सहसा खात नाहीत, पण ताजी उकरलेली माती दिसली की कुतूहलाने उकरून कंद वर टाकतात, मग तो सुकतो. लावल्यावर पहिले काही आठवडे वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी अंथरा.

इथला उन्हाळा इंग्लंडपेक्षा फार तापतो, म्हणून जूनमध्ये चुरलेल्या ओकच्या पानांचं ५ सेंमी आच्छादन घाला. अख्खी पानं नकोत, त्यांचा ओला थर बसतो आणि जानेवारीत कोंब त्याखाली वाकडे होतात. ड्रिप सिंचन असलेल्या वाफ्यात मात्र लावू नका. उन्हाळी रोपांसाठी रोज पाणी सुरू असतं आणि झोपलेला कंद त्यात कुजतो. "दमट" आणि "ओलं" यात फरक आहे.

गवतफुला
हिरवळीत लावलेत, फुलं आली, छान दिसतंय. लॉन कापायला कधी सुरुवात करायची?

रानवेडी
पानं पिवळी पडून आपणहून आडवी होईपर्यंत थांबा. दक्षिण इंग्लंडात मेच्या मध्यापर्यंत, स्कॉटलंडमध्ये त्याहून उशिरा. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, मार्चमधला पहिला उन्हाचा रविवार आणि मोवर ही जोडी स्नोड्रॉपची सगळ्यात मोठी शत्रू आहे. पानांच्या गाठी बांधू नका, वेण्या घालू नका. ज्या कोपऱ्यात कंद आहेत तो भाग सरळ न कापता सोडायचा. लॉनला घालायचं नत्रयुक्त खतही त्या भागात नको, गवत माजतं आणि कंद दबतात.

लेस्टरकर
एक दुर्मीळ जातीचा एकच कंद भेट मिळालाय, 'एस. अरनॉट'. नैसर्गिकरीत्या वाढेपर्यंत किती वर्षं थांबणार? कंद कापून रोपं करतात असं ऐकलं, ते खरंच घरी जमतं?

वाफा
'एस. अरनॉट' दुर्मीळ नाही हो, पण उत्तम आहे. उंच, मधासारखा वास, आणि स्वतःच भराभर वाढते. तिला कापायची गरज नाही. एकच कंद असताना तर मुळीच कापू नका. सडला तर हातात काही उरत नाही. दोन-तीन झाले की मग.

तरी पद्धत लिहितो, इंग्रजीत याला ट्विन-स्केलिंग म्हणतात. तत्त्व असं की कंदाचे कांद्यासारखे थर म्हणजे खवले, आणि त्यांच्या जोडीला बुडाच्या चकतीचा तुकडा चिकटलेला राहिला तर दोन खवल्यांच्या बेचक्यात नवा कंद तयार होतो. चकती नसेल तर काहीही होत नाही, नुसता खवला कुजतो. सगळी कला तिथेच आहे.

जून-जुलैत, कंद झोपलेला असताना, किमान दीड सेंमी जाडीचा निरोगी कंद घ्या. तपकिरी साल आणि जुनी मुळं काढा, चकती मात्र खरवडून पातळ करू नका. शेंड्याचा भाग छाटा. हात धुवा, चाकू म्हणून नवं ब्लेड, आणि प्रत्येक कंदानंतर ते स्पिरिटने पुसा. ब्लेड न पुसणं हे विषाणू पसरवायचं सगळ्यात खात्रीचं साधन.

कंद उलटा, चकती वर, धरा. चकतीच्या मधोमध उभा काप, मग चार, मग आठ. प्रत्येक फोडीला चकतीचा तुकडा आला पाहिजे. नवख्याने इथेच थांबावं, याला चिपिंग म्हणतात आणि ते पुरेसं आहे. पुढे जायचं तर प्रत्येक फोडीतले खवले दोन-दोनच्या जोड्यांत, चकतीतून काप घेत, वेगळे करायचे.

तुकड्यांवर बुरशीनाशक किंवा गंधकाची भुकटी. मग व्हर्मिक्युलाइट : दहा मापं व्हर्मिक्युलाइटला एक माप पाणी. मुठीत दाबलं तर थेंब गळता कामा नये. झिपच्या पिशवीत तुकडे आणि हे मिश्रण, थोडी हवा ठेवून बंद, वर नाव आणि तारीख. २० अंशांच्या आसपास, अंधारात, १२ आठवडे. दर पंधरवड्याला पिशवी उघडून निळी-हिरवी बुरशी धरलेला तुकडा काढून टाका. एक राहिला तर आठवडाभरात पिशवी जाते.

बारा आठवड्यांनी चकतीलगत खवल्यांच्या मध्ये पांढरे, काही मिलिमीटरचे कंद दिसतील. जुना खवला ओढून काढू नका, तो अजून त्यांना पोसतोय. तसेच कुंडीत १-२ सेंमी खाली लावा आणि हिवाळाभर कोल्ड फ्रेममध्ये (काचेचं झाकण असलेली, न तापवलेली पेटी) ठेवा. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखं एकच पान. फूल तीन-चार वर्षांनी.

फसतं ते बहुतेक या दोन कारणांनी : मिश्रण जास्त ओलं, किंवा पिशवी उन्हाळ्यात माळ्यावर ठेवली आणि तापमान पंचविशीच्या पुढे गेलं.

औषधी
नवा आहे, पण रोगांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

करडी बुरशी, बॉट्रिटिस गॅलँथिना. ही सगळ्यात वाईट. ऊबदार, ओल्या हिवाळ्यात जास्त. ठोंबात काही कोंब खुरटे, जेमतेम दोन-तीन सेंमीचे, आणि त्यांच्यावर राखाडी मखमल धरलेली दिसते. हात लावला की धुरळा उडतो, ते बीजाणू. कंद काढून बघितला तर सालीवर काळे टणक ठिपके. घरगुती औषध नाही. कोरड्या दिवशी पिशवी वरून टाकून, ठोंब आणि भोवतालची माती एकत्र उचला, कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये कधीही नाही. ते काळे ठिपके जमिनीत राहतात, म्हणून त्या जागी काही वर्षं स्नोड्रॉप नको. एकोणिसाव्या शतकात सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेटच्या जेम्स अ‍ॅलनने कित्येक संकर तयार केले, आणि त्याचा मोठा संग्रह याच बुरशीने आणि कंदमाशीने खाल्ला. त्यातून तरलेल्या 'मॅग्नेट' आणि 'मर्लिन' आजही बागांतून आहेत.

पानकरपा, स्टॅगोनोस्पोरा. पानाचं टोक आधी लालसर तपकिरी होतं, जळल्यासारखं, मग डाग खाली उतरतात. लोक याला थंडीचा चटका समजून सोडून देतात. फरक असा : थंडीने पडलेलं पान मऊ आणि पाणचट होतं आणि उन्हात सावरतं, करप्याचा डाग कोरडा, लाल कडेचा, आणि पसरत जातो. पावसाच्या शिंतोड्यांनी शेजारी जातो. डागाखाली दोन सेंमी हिरवा भाग सोडून पान कापा, कात्री स्पिरिटने पुसा. नवीन आणलेला कंद एक हंगाम वेगळ्या कुंडीत ठेवून मगच वाफ्यात.

कंदमाशी, नार्सिसस फ्लाय. लहानशा भुंग्यासारखी दिसते. मे-जूनच्या उन्हात पानांच्या बुडाशी अंडी घालते. अळी चकतीतून आत शिरते आणि कंद पोखरते, बहुधा एका कंदात एकच. उन्हाळ्यात कंद दाबला आणि मऊ लागला, चिरल्यावर आत तपकिरी भुसा आणि पिवळट अळी दिसली, तर हीच. पानं सुकताना मातीत जे भोक राहतं तिथून ती शिरते, म्हणून पानं गेली की पायाने माती दाबून भोक बुजवा. महागड्या जातींवर मे ते जुलै बारीक जाळी. उन्हाच्या, तापलेल्या वाफ्यात ती जास्त येते, सावलीत कमी. सावलीत लावण्याचं हे आणखी एक कारण.

डब्लिनकर
सुंदर प्रतिसाद. नाव औषधी आहे तर त्या अंगानेही लिहा. गॅलँटामाइन हे औषध याच्यातूनच ना?

औषधी
हो, आणि म्हणूनच इशारा. १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात वोरोनोवीच्या कंदातून गॅलँटामाइन वेगळं केलं, बल्गेरियात त्याचं 'निवालिन' औषध झालं. अमेरिकेत २००१ मध्ये अल्झायमरसाठी मंजुरी मिळाली. आता ते प्रामुख्याने लेउकोजम, डॅफोडिल यांतून काढतात किंवा प्रयोगशाळेत बनवतात.

याचा अर्थ कंद खाऊन स्मरणशक्ती वाढते असा मुळीच नाही. सबंध वनस्पती विषारी आहे. लायकोरिन आणि इतर अल्कलॉइड्समुळे उलट्या, जुलाब, पोटात कळा. कंद छोट्या कांद्यासारखा दिसतो, म्हणून स्वयंपाकघरात, फ्रिजमध्ये, उघड्या पिशवीत ठेवू नका. कुत्र्याने उकरून खाल्ला तर थेट पशुवैद्याकडे. आणि मार्चमध्ये रानलसणाची पानं तोडायला जाणाऱ्यांनो, तो आणि हे एकाच ओलसर रानात, एकाच वेळी उगवतात. प्रत्येक पान चुरगाळून वास घ्या, मूठभर एकदम नको, कारण एकदा लसणाचा वास हाताला लागला की पुढच्या सगळ्याच पानांना तो येतो. वाटणी करताना हातमोजे घाला, रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते.

गवतफुला
बापरे. बरं, रानातून दोन-चार ठोंब उपटून आणले तर? तिथे हजारो असतात.

रानवेडी
नका आणू. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानटी वनस्पती मुळासकट उपटणं गुन्हा आहे. जर्मनीत निवालिस विशेष संरक्षित यादीत आहे, तिथे तर मुळीच नाही.

विकत घेतानाही बघा. १९८० च्या दशकात तुर्कस्तानच्या टॉरस डोंगरांतून लाखो-लाखो एल्वेसी खणून युरोपात विकल्या गेल्या, त्यामुळेच १९९० मध्ये गॅलँथस साइट्सच्या यादीत आलं. आता तुर्कस्तान आणि जॉर्जिया दरवर्षी ठरावीक कोट्यानेच निर्यात करतात. पाकिटावर लागवडीतले कंद असं लिहिलंय का बघा, नसेल तर विचारा. पन्नास पेन्सला कंद मिळतोय याचा आनंद मानण्याआधी तो कुठून उकरला हे विचारलेलं बरं.

दुसरं टोकही आहे. ईबेवर एका कंदाला २०१२ मध्ये ७२५ पौंड ('एलिझाबेथ हॅरिसन'), २०१५ मध्ये १,३९० ('गोल्डन फ्लीस'), २०२२ मध्ये १,८५० ('गोल्डन टिअर्स'). हिरव्याऐवजी पिवळी खूण, इतकाच फरक. बागेतून चोऱ्या होतात त्या यामुळेच. माझं मत विचाराल तर साध्या निवालिसचे शंभर कंद एका हेझलखाली, याची सर कशालाच नाही.

लेस्टरकर
बघायला कुठे जावं? आणि कधी?

डब्लिनकर
फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. बर्कशरमधलं वेलफर्ड पार्क (बीचच्या झाडांखाली नजर पोचेल तिथवर), ग्लॉस्टरशरमध्ये कोल्सबोर्न पार्क आणि पेन्सविक. कोल्सबोर्न हे हेन्री जॉन एल्वेसचं घर, एल्वेसी ही त्याच्याच नावाने. तुम्हाला लेस्टरहून केंब्रिजशरचं अँग्लसी अ‍ॅबी सोयीचं, तिथे शेकडो जाती पाट्यांसह आहेत. स्कॉटलंडमध्ये फाइफचं कॅम्बो. सकाळी सातला जाऊ नका. तापमान दहा अंशांच्या आत असेल तर पाकळ्या मिटलेल्याच राहतात आणि आतली हिरवी खूण दिसत नाही. दुपारी बारा ते दोन, ऊन असेल तर मधमाश्याही दिसतील.

गवतफुला
बियांपासून होतात का?

वाफा
होतात, पण वेळ लागतो. 'फ्लोर प्लेनो' ही दुहेरी पाकळ्यांची जात बी धरत नाही, तिच्यामागे लागू नका. साध्या निवालिसला फेब्रुवारी उबदार गेला, मधमाश्या फिरल्या तर बी धरतं. मेच्या सुमारास बोंड पिवळट, मऊ होऊन जमिनीला टेकतं. तेव्हा लगेच गोळा करा, कारण बीवर एक पांढरं तेलकट शेपूट असतं आणि मुंग्या त्यासाठी बी उचलून नेतात. रानात ठोंबापासून दूर एकटंदुकटं रोप दिसतं ते मुंग्यांचं काम.

बी त्याच दिवशी पेरा. वाळवून डबीत ठेवलेलं बी उगवायला फार त्रास देतं. १२ सेंमी खोल कुंडी, दोन भाग मातीवालं कंपोस्ट, एक भाग पानखत, एक भाग बारीक खडी. बी १ सेंमी खाली, वर खडीचा पातळ थर. कुंडी सावलीत, उघड्यावर, हिवाळाभर. पुढच्या वसंतात उगवेल. दोन वर्षं त्याच कुंडीत राहू द्या, हलवू नका. फूल चौथ्या वर्षाच्या आसपास. वाफ्यात एल्वेसी आणि प्लिकाटस शेजारी असतील तर संकर होतो, आईसारखंच रोप मिळेल याची खात्री नाही.

कुंडीबद्दल एक : बर्फ पडल्यावर जमिनीतला कंद मातीमुळे सुरक्षित असतो, कुंडीतला चहूबाजूंनी गोठतो. कडाका पडला की कुंडी वाळूच्या पेटीत काठापर्यंत पुरा. उन्हाळ्यात तीच पेटी किंचित ओली ठेवली की बाहेरून दमटपणा मिळतो, वरून पाणी घालावं लागत नाही.

जर्सीवाला
पाट्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. जूनमध्ये पानं गेली की जागा मोकळी दिसते आणि जुलैत तिथेच कोणीतरी झेंडू लावायला खुरपं घालतं. पाटी कंदाच्या बरोबर वर नको, उत्तरेला १० सेंमी अंतरावर, सगळ्यांची एकाच बाजूला. पेन्सिलने लिहा, मार्कर दोन हिवाळ्यांत उडतो. आणि दुसरी पाटी त्याच खड्ड्यात, कंदाशेजारी पुरा. वरची पक्षी किंवा मुलं उपटतात, खालची राहते.

लेस्टरकर
दुसरी पाटी पुरायची हे भारी. 'एस. अरनॉट'ला उद्याच करतो. पेन्सिल एचबी चालेल?

जर्सीवाला
टूबी घ्या. एचबी प्लास्टिकवर फिकी उमटते.